अर्जापासून ठरावापर्यंत : उमरखेड तालुक्यातील पंचायत राज

उमरखेड पंचायत समिती ही यवतमाळ जिल्हा परिषदेच्या सोळा पंचायत समित्यांपैकी एक आहे. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या डाव्या तीराला धरून तिचे कार्यक्षेत्र पसरले आहे. नदी ओलांडली की नांदेड जिल्ह्यातली हदगाव आणि हिमायतनगरची हद्द लागते. मुळावा, विडूळ, पोफाळी, चातारी, ब्राह्मणगाव, निंगनूर, बिटरगाव ही इथली ओळखीची गावे. ढाणकीला आता नगरपंचायत असल्यामुळे तालुक्यातली ती जुनी बाजारपेठ पंचायत समितीच्या कक्षेत येत नाही.

कारभाराच्या दृष्टीने या तालुक्याचा पत्ता सरळ नाही. जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ आणि महसूल विभाग अमरावती. विधानसभेचा ८२ क्रमांकाचा मतदारसंघ उमरखेडच्याच नावाचा असून तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. लोकसभेला मात्र इथला मतदार हिंगोलीचा खासदार निवडतो, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात राहून मराठवाड्यातल्या मतदारसंघात मत देतो. पैनगंगा अभयारण्यालगतच्या आणि त्याच्या आतल्या गावांना तालुक्यात ‘बंदी भाग’ म्हणतात. तिथल्या रस्त्याचा प्रश्न पंचायत समितीपाशी सुरू होतो आणि वनखात्याच्या परवानगीपाशी अडतो. कोणते काम कोणाच्या दारात न्यायचे, हे कळणे हाच इथल्या नागरिकाचा पहिला धडा ठरला, आणि तो पुस्तकातून शिकता येण्यासारखा नव्हता.

पंचायत राजाचा इथला इतिहास पाहताना दोन कागद वेगळे ओळखावे लागतात. एक अर्ज, दुसरा ठराव. अर्ज एकट्याचा असतो. तो वर जातो आणि त्याचे काय करायचे हे वरचा माणूस ठरवतो. ठराव सभेचा असतो. त्याला सूचक आणि अनुमोदक लागतात, तो इतिवृत्तात लिहिला जातो आणि पुढच्या सभेत त्याचे काय झाले असे विचारता येते. अर्ज लिहिणारे गाव ठराव करू लागले, या प्रवासाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. तो प्रवास अजून अर्धवट आहे, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. त्या व्यवस्थेत आजचे उमरखेड आणि महागाव हे तालुके पुसद तालुक्यात होते आणि पुसद वाशीम जिल्ह्यात. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका यवतमाळकडे आला आणि तोवर वणीच्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा यवतमाळचा झाला. गावात मात्र या फेरबदलांनी फार काही हलले नाही. वसुली पाटलाकडे, कागद पटवाऱ्याकडे आणि निरोप कोतवालाकडे अशी घडी कायम राहिली. १८८५ च्या वऱ्हाड ग्रामीण मंडळांच्या कायद्याने जिल्हा आणि तालुका मंडळे आली. त्यांत निवडून जाण्याचा आणि निवडून देण्याचा अधिकार जमीन, सारा आणि हुद्दा यांना बांधलेला होता. वावरात राबणारा मजूर, तांड्यावरचा बंजारा, जंगलकाठचा आंध किंवा गोंड यांच्यापर्यंत तो पोचला नाही, आणि बाई तर या हिशेबातच नव्हती. तरी पैनगंगेच्या अलीकडे मंडळाची निवडणूक हा शब्द निदान कानावर पडत होता. पलीकडच्या काठावर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. सोयरिकी दोन्ही तीरांवर होत असल्याने हा फरक लोकांना घरबसल्या दिसे.

या काळात सामान्य माणसाने कायद्याशी उघड वाद घातल्याचा सर्वांत ठळक प्रसंग पुसद तालुक्यातच घडला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि अटक करून घेतली. वऱ्हाडात समुद्र नसल्याने मिठाचा कायदा मोडणे अवघड होते. जंगलाचा कायदा मात्र इथल्या प्रत्येक घराला जाचत होता. ढोरांचा चारा, चुलीचे सरपण, घराची बल्ली आणि मोहाची फुले या सगळ्यांवर त्या कायद्याचा पहारा होता. म्हणून हा सत्याग्रह गावकऱ्याला समजावून सांगावा लागला नाही. सरकारचा नियम चूक असू शकतो आणि तो चूक आहे असे जाहीरपणे, शिक्षा पत्करून सांगता येते, हे पुसदच्या माळावर दिसले. बंदी भागातली वनहक्काची आणि रस्त्याची भांडणे आजही त्याच जंगलाच्या कडेने चालतात.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९४६ चा पंचायत कायदा केला. पाठोपाठ १९४८ मध्ये द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने जनपद सभांची योजना आली. तिच्यात तहसील हा स्थानिक कारभाराचा घटक धरला होता. कल्पना धाडसी होती, कारण जिल्ह्याऐवजी तालुक्याच्या पातळीवर लोकांचे सरकार उभे करण्याचा तो प्रयत्न होता. पण हाती पैसा थोडा आणि नोकरवर्ग अपुरा, त्यामुळे जनपद सभेकडून शाळा आणि रस्ते यांपलीकडे फारसे झाले नाही. विदर्भातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘जनपद’ हा शब्द मात्र बराच काळ टिकला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत कायदा १ जून १९५९ पासून लागू झाला. आजच्या ग्रामपंचायतीचा आणि ग्रामसभेचा कायदेशीर पाया तोच आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि नव्या राज्यात तीन ठिकाणच्या तीन रीती एकत्र आल्या. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्डे होती, विदर्भात जनपद सभा होत्या आणि मराठवाड्याची रीत आणखी निराळी होती. त्यांची एकच मोट बांधण्यासाठी २७ जून १९६० रोजी महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

या समितीचा अध्यक्ष उमरखेडच्या शेजारचा होता, हा योगायोग स्मरणात ठेवण्यासारखा आहे. वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुली या बंजारा तांड्याचे. त्यांचा जन्म १ जुलै १९१३ चा. नागपुरात वकिलीचे शिक्षण घेतलेला हा गृहस्थ सार्वजनिक जीवनात आला तो पुसदचा नगराध्यक्ष म्हणून. तांड्याला कारभाराची स्वतःची जुनी रीत असते. नाईक आणि कारभारी असतात, आणि ‘नसाब’ म्हणजे तांड्याची पंचायत बसून भांडण मिटवते. अशा वस्तीत वाढलेल्या आणि नगरपालिकेचा जमाखर्च स्वतः पाहिलेल्या माणसाकडे राज्याच्या ग्रामीण कारभाराचा आराखडा आला होता.

समितीने १५ मार्च १९६१ रोजी २२६ शिफारशींचा अहवाल दिला. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये विकास गटाला, म्हणजे पंचायत समितीला, महत्त्व दिले होते आणि १९५९ मध्ये राजस्थानने त्याच वाटेने सुरुवात केली. नाईक समितीने मात्र जिल्ह्याला बळ दिले. योजना आखण्याइतका पैसा, तज्ज्ञ माणसे आणि अधिकार पेलण्याची ताकद जिल्ह्यातच आहे, असा तिचा हिशेब होता. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेच्या सदस्यत्वापासून दूर ठेवले गेले आणि जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवून तिच्यासाठी वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी आला. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. या निवडीचा एक परिणाम उमरखेडसारख्या तालुक्याला आजतागायत जाणवतो. पंचायत समिती कामे सुचवते, राबवते आणि देखरेख ठेवते, पण पैशाचा मोठा निर्णय यवतमाळला होतो. जिल्ह्याच्या टोकावरच्या तालुक्यासाठी ही सोय नेहमीच सोयीची ठरली असे म्हणता येणार नाही.

पंचायत समितीची रचना बाहेरून साधी दिसते. जिल्हा परिषदेचा मतदारसंघ म्हणजे गट, आणि प्रत्येक गटाचे दोन गण. सुरुवातीच्या पद्धतीत गटातून निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्यच पंचायत समितीतही बसे आणि गणाच्या जागेसाठी ग्रामपंचायतींचे सदस्य मत देत. थेट मतदाराने गणाचा सदस्य निवडावा, ही रीत ७३ व्या घटनादुरुस्तीनंतरची. सदस्य आपल्यातून सभापती व उपसभापती निवडतात आणि गटविकास अधिकारी समितीचा सचिव असतो. कायद्यात सरपंच समितीचीही तरतूद आहे. तालुक्यातले पंधरा सरपंच किंवा एकूण सरपंचांच्या एक पंचमांश, यांपैकी जी संख्या अधिक तितके सरपंच तिच्यावर असतात आणि उपसभापती तिचे अध्यक्ष असतात. गावचा कारभारी आणि तालुक्याचा कारभारी यांनी समोरासमोर बसावे, एवढाच तिचा हेतू आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. वर्षातून एकदा आमदाराच्या अध्यक्षतेखाली होणारी आमसभा मात्र गाजते. सर्व खात्यांचे तालुका अधिकारी व्यासपीठावर, सरपंच आणि गावकरी समोर, आणि वीज, पाणी, घरकूल, रस्ता यांवर उघड प्रश्न. आमसभेत आवाज चढतो, अधिकाऱ्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. कागदावर तिचे वजन थोडे आहे, पण अधिकाऱ्याला सर्वांदेखत विचारता येते हे शिकवण्यात तिचा वाटा मोठा आहे.

पंचायत समिती आली त्याच सुमारास गावातली जुनी सत्ता सुटी होत गेली. वंशपरंपरागत महसूल पाटीलकी १९६२ च्या कायद्याने १ जानेवारी १९६३ पासून संपली. १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील हे नेमणुकीचे पद झाले. पाटलाच्या वाड्यावरची चावडी आणि ग्रामपंचायतीची कचेरी या दोन जागा वेगळ्या झाल्या. सरपंच अनेक गावांत त्याच घराण्यातला राहिला, पण त्याला आता दर पाच वर्षांनी मत मागायला दारोदार फिरावे लागे. त्याच काळात सहकारानेही सभेची सवय लावली. पोफाळीच्या वसंत सहकारी साखर कारखान्याची आणि गावोगावच्या सेवा सोसायट्यांची वार्षिक सभा म्हणजे अहवाल वाचणे, हिशेबावर बोलणे आणि शेअर कितीही असले तरी प्रत्येकाचे मत एकच असणे. इसापूर धरणाचे पाणी कालव्याने आले तेव्हा पाळीचा प्रश्न उभा राहिला, आणि २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने पाणीवापर संस्थांच्या रूपाने तोही सभेपुढे आणला.

पंचायत राज ही कारभार शिकण्याची जागा आहे, याचा पुरावा शेजारच्या पुसदनेच दिला. त्याच नाईक घराण्यातले सुधाकरराव नाईक गहुलीचे सरपंच होते, मग पुसद पंचायत समितीचे सभापती आणि यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झाले. जून १९९१ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. ७३ वी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली ती डिसेंबर १९९२ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत. घराण्याचे पाठबळ होते हे खरेच, तरी एकेक पायरी चढून गेलेली अशी उदाहरणे राज्यात थोडी आहेत.

याच शाळेला तेरा वर्षांची सुट्टीही मिळाली. जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९६२, १९६७, १९७२ आणि १९७९ मध्ये झाल्या आणि त्यानंतरची थेट १९९२ मध्ये. १९७९ मध्ये पाचवीत शिकणारे मूल १९९२ मध्ये तीन-चार वर्षांचा मतदार होते, आणि गण-गटाच्या निवडणुकीत त्याने एकदाही मत दिलेले नव्हते. २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झालेल्या घटनादुरुस्तीने दर पाच वर्षांनी निवडणूक घेणे बंधनकारक केले, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणला आणि महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने त्याआधीच १९९० मध्ये ३० टक्के जागा महिलांना दिल्या होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर गेले.

बाईने पंचायत चालवण्याची गोष्ट यवतमाळ जिल्ह्याला कायद्याने प्रथम शिकवली नाही. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या प्रेरणेने १९८९ मध्ये जिल्ह्यातल्याच मेटीखेडा गावाने संपूर्ण महिलांची ग्रामपंचायत निवडून दिली. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचे नावही तिच्यासोबत घेतले जाते. आरक्षणाची सोडत निघून बाई उमेदवार शोधण्याची वेळ येण्याआधीच हे घडले. आरक्षणानंतर ‘सरपंचपती’ हा शब्द रूढ झाला आणि तो खोटा नव्हता. बैठकीत नवरा, सहीला बायको, असे चित्र पुष्कळ दिसले. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या निवडणुकीपर्यंत महिला बचत गटात हिशेब शिकलेल्या बाया खुर्चीवर आल्या आणि सहीआधी कागद वाचून दाखवायला सांगू लागल्या.

ग्रामसभा हा या साऱ्या व्यवस्थेचा तळ आहे. गावचा प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो, त्यासाठी निवडून यावे लागत नाही. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात आणि प्रघाताने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना जोडल्या गेल्या. सात दिवस आधी नोटीस निघते, दवंडी दिली जाते. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी तितकी हजेरी लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. २००३ च्या सुधारणेनंतर ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे.

उमरखेडच्या शेतीचे वेळापत्रक या तारखांशी जुळत नाही. २६ जानेवारीला तांड्यांवरची कितीतरी घरे कुलूपबंद असतात, कारण माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. १५ ऑगस्टला निंदण-डवरणीची घाई असते, २ ऑक्टोबरला सोयाबीन काढणीला आलेले असते. उरते १ मे, आणि तेव्हा ऊन चाळिशीच्या पुढे असते. झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात सभा उरकली जाते, गणपूर्ती होत नाही, आणि तहकूब सभेत मोजकी माणसे वर्षभराची कामे ठरवतात. हजेरीपटावर मागाहून सह्या गोळा करण्याची खोडही या अडचणीतूनच जन्मली. गैरहजर राहणारा गावकरी बेफिकीर असतो, असे सरसकट म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

हजेरीची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते ती ‘आडवी बाटली’च्या मतदानात. २००८ च्या आदेशानुसार गावातले परवान्याचे दारू दुकान बंद करायचे तर आधी २५ टक्के महिला किंवा एकूण मतदारांनी सह्यांनिशी मागणी करावी लागते, मग गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आडव्या बाटलीला एकूण नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, फक्त मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे घरी राहिलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला मोजली जाते. यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदीची चळवळ वर्षानुवर्षे चालली, तिच्यातून हा नियम खेड्यातल्या बायांना तोंडपाठ झाला. दुकान बंद होऊनही हातभट्टी चालू राहते, कारण तिला परवाना नसतो आणि म्हणून मतदानही नसते. ही पळवाटही त्यांनीच प्रथम ओळखली.

कागद वाचण्याचे शिक्षण याच काळात वाढले. ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ म्हणजे घराच्या कर आकारणीची नोंद आणि तलाठ्याकडचा ‘८-अ’ म्हणजे शेतीच्या खात्याचा उतारा. या दोन आठांची गल्लत करून कित्येकांनी घरकुलासाठी हेलपाटे घातले आहेत. रोजगार हमीत काम मागायचे तर नमुना ४ भरून तारखेची पोच घ्यावी लागते, कारण काम देण्याची पंधरा दिवसांची मुदत त्या पोचीपासून धरली जाते. महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये माहितीचा अधिकार दिला. दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटावर तीस दिवसांत उत्तर मिळण्याची सोय झाली आणि ग्रामपंचायतीचे कपाट बाहेरच्याला उघडले. त्याचा उपयोग सूड आणि अडवणुकीसाठीही झाला, हे नाकारता येत नाही.

गावाने एकत्र बसून शिकण्याचा सर्वांत पुढे गेलेला प्रयोग विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) इथे झाला. तिथे अभ्यासगटात आधी चर्चा होते, मग ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क त्या गावाला मिळाला आणि २०११ मध्ये बांबू विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. उमरखेड तालुका अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे अशा क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याचे अधिकार इथल्या ग्रामसभांना नाहीत. २००६ चा वनहक्क कायदा मात्र बंदी भागालाही लागू आहे आणि त्याखालचा दावा ग्रामसभेच्या ठरावाशिवाय पुढे सरकत नाही.

गेल्या दशकात पैशाची वाट बदलली. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने गावाने स्वतःचा आराखडा करण्याची पद्धत आली, आणि पंचायत समितीच्या हातचा हा निधी आटला. पंधराव्या आयोगाने तो अंशतः परत आणला : ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के. सरपंचाची निवड कोणी करायची यावरही राज्याचे मत फिरत राहिले. २०१७ मध्ये ती थेट मतदारांकडे गेली, २०२० मध्ये सदस्यांकडे परतली आणि २०२२ मध्ये पुन्हा मतदारांकडे आली. २०२४ मध्ये ग्रामसेवकाचे पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी झाले. गावात त्याला अजून ग्रामसेवकच म्हणतात.

फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषद व पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्याने नव्या निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला, पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याकडे. घटनेने घातलेली पाच वर्षांची अट अशा रीतीने ओलांडली गेली. सभापतींचे दालन बंद झाले, मासिक सभा थांबल्या. गणाचा सदस्य नसल्यामुळे मुळाव्याचा किंवा बिटरगावचा माणूस आपले काम घेऊन पुन्हा थेट अधिकाऱ्याच्या टेबलापाशी येऊ लागला, आणि त्याच्या हातात अर्ज होता. ग्रामपंचायतींत मात्र ग्रामसभा होत राहिल्या आणि त्यांचे ठराव पंचायत समितीच्या आवक नोंदवहीत चढत राहिले.